वासावर चालणारं घड्याळ

रेल्वेतला माणूस रिटायर झाला की त्याच्याकडे दोन गोष्टी साठतात. एक दमा आणि दुसरे किस्से. दम्यावर निदान औषध मिळतं. किश्शांचं काय करायचं? एक काढावा तर त्याच्यामागून दुसरा येतो, दुसऱ्याला हाकलावं तर तिसरा दारात उभाच! आमची जुनी बोईसरची मंडळी अजून कुणाच्या लग्नामुंजीत पालघरला भेटतात. सुरुवातीला पेन्शन, गुडघे आणि सुना यांची चौकशी होते. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "आणि तो झेंडू, हो!" झालं. पंगत उठेपर्यंत दुसरा विषय निघत नाही.

झेंडू हा कुत्रा. आणि खरं सांगू? त्याच्या किश्शांना आम्ही हसतो कमी आणि मध्येच गप्प होतो जास्त. तरी सांगतो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. मी बोईसर स्टेशनात पार्सल क्लार्क होतो. तारापूरला अणुवीजघराचं काम सुरू होणार, सुरू होणार, एवढंच ऐकू यायचं. आता जिथे कारखान्यांची धुराडी दिसतात, तिथे कुंभवली-सरावलीकडे तेव्हा भाताची खाचरं आणि गवताची कुरणं होती. आमच्या स्टेशनातून दोनच मालांची खरी वर्दळ. मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवताच्या गाठी आणि किनाऱ्यावरून येणाऱ्या मासळीच्या पाट्या.

स्टेशनमास्तर होते सामंत. मालवणकडचे, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. त्यांच्या घरी वहिनी. मूलबाळ नव्हतं. पॉइंट्समन होता धर्मा, तो रूळ बदलायचा, सिग्नलचे कंदील भरायचा आणि मास्तरांची बोलणी खायचा. आणि घिवलीची जनाबाई, मासळीच्या पाट्या घेऊन येणारी. बस्स, एवढीच आमची दुनिया.

* * *

झेंडू आला गवतातून. एका सकाळी गुड्स शेडमधल्या गाठी वॅगनमध्ये चढवताना मधूनच कुईं कुईं ऐकू आलं. बघतो तर मुठीएवढं पिल्लू, तांबूस पिवळ्या रंगाचं. धर्माने ते उचलून थेट मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

मास्तर ताडकन उठले. "हे स्टेशन आहे का पांजरपोळ? पहिलं बाहेर काढ हे धूड!"

धूड म्हणजे किती, तर शाईच्या दौतीमागे लपेल एवढं! धर्माने ते बाहेर नेऊन ठेवलं. संध्याकाळी आम्ही शोधायला लागलो तर पिल्लू कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, मास्तरांनीच ते गुपचूप घरी नेलं होतं.

वहिनींच्या अंगणात त्या वेळी झेंडू फुलला होता, रंग अगदी तोच, म्हणून नाव झेंडू. मास्तरांना ते काही पसंत पडलं नाही. "कुत्र्याचं नाव टायगर असावं, नाहीतर राजा. झेंडू म्हणे! उद्या त्याला पिल्लं झाली की शेवंती आणि अबोली ठेवा!"

पण हाक मारायची वेळ आली की सगळ्यांत मोठ्याने "झेंडूऽऽ" तेच ओरडायचे.

* * *

मास्तरांचं क्वार्टर प्लॅटफॉर्मच्या टोकाला, भेंडीच्या एका डेरेदार वृक्षाखाली. माझ्या पार्सल ऑफिसच्या खिडकीतून त्यांचा व्हरांडा सरळ दिसायचा. मास्तर सकाळी ड्यूटीवर आले की झेंडू तिथे आडवा व्हायचा. दिवसभर मान वर करेल तर शपथ. गाडी येवो, इंजिन शिट्ट्या मारो, कावळे त्याच्या ताटलीतला भात नेवोत, हा आपला पसरलेला.

आणि मास्तरांची ड्यूटी संपायची वेळ जवळ आली की गडी उठायचा. अंग ताणायचा, एकदा घरात जाऊन खाटेपाशी, खुर्चीपाशी नाक फिरवून यायचा आणि कुंपणाच्या फाटकाशी जाऊन बसायचा. थोड्याच वेळात मास्तर फाटकात हजर!

वहिनींच्या घरातलं घड्याळ कधीचं बंद पडलं होतं. त्या म्हणायच्या, "दुरुस्त कशाला करायचं? झेंडू उठला की मी चहाचं आधण ठेवते."

मास्तरांना याचा कोण अभिमान! येणाऱ्याजाणाऱ्या गार्डला सांगायचे, "आमच्याकडे गाड्या लेट असतील, पण कुत्रा राइट टाइम!"

आम्हाला वाटायचं, दुपारची पॅसेंजर आली की तो आवाजाने उठत असणार. पण एकदा ती पॅसेंजर कुठेतरी अडकून पडली. इंजिन बिघडलं होतं म्हणे. गाडीचा पत्ता नाही, आणि झेंडू आपल्या वेळेला फाटकात बसलेला! धर्मा म्हणाला, "उनावरून कलत असंल त्याला." मग पावसाळा आला. सूर्य दिसायची मारामार, दिवसभर अंधारून आलेलं. तरी झेंडू राइट टाइम.

तेव्हा आम्ही हात टेकले. धर्माने तर त्याला नमस्कार केला.

* * *

कोडं सुटलं ते मास्तरांच्या अपमानातून.

त्या दिवशी उकाडा भयंकर. मास्तरांचा कोट घामाने चिंब झाला, म्हणून ते ड्यूटीच्या मध्येच उभ्या उभ्या घरी गेले, तो कोट खुर्चीवर टाकला, दुसरा चढवला आणि परत आले. झेंडूने एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला.

ड्यूटी संपली. मास्तर नेहमीच्या ऐटीत फाटकाशी गेले. फाटकात कुणी नाही! झेंडू व्हरांड्यात घोरतोय. चुलीवर आधण नाही. वहिनी आत तांदूळ निवडत बसलेल्या.

मास्तरांचा पारा चढला. माझ्या ऑफिसपर्यंत आवाज ऐकू येत होता. "मी घरात येऊन उभा आहे आणि हा कुंभकर्ण झोपलाय! आणि तू त्याच्या भरवशावर! उद्यापासून त्याला दूध बंद!"

वहिनी बाहेर आल्या. खुर्चीवरचा कोट उचलला, नाकाशी नेला, लगेच दूर धरला. म्हणाल्या, "अहो, त्याची चूक नाही. सकाळी तुम्ही जाता तेव्हा घरभर तुमचा वास असतो. दिवसभरात तो विरत जातो. अमुक इतकाच उरला की तुम्ही येता, हे त्याला पाठ झालंय. आज तुम्ही मध्येच ताज्या घामाचा कोट आणून टाकलात. त्याला वाटलं, तुम्ही आत्ताच गेलात."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हे आम्हाला सांगितलं आणि स्टेशनात हसून हसून पुरेवाट झाली. मी म्हटलं, "म्हणजे मास्तर, तुम्ही त्या घड्याळाची चावी!"

"चावी कसली," मास्तर म्हणाले, "बायकोने मला तोंडावर घाणेरडा म्हटलं, आणि तेसुद्धा कुत्र्याची बाजू घेऊन!"

* * *

जनाबाईचं आणि झेंडूचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. तिच्या पाट्यांचा वास वाऱ्यावर आला की झेंडू व्हरांडा सोडून पार्सल ऑफिसच्या दारात येऊन बसायचा. मी त्याला बघून वजनकाटा पुसायला घ्यायचो. मग जरा वेळाने जनाबाईची बैलगाडी दिसायची. ती त्याला शिव्या द्यायची आणि एक सुका बोंबीलही द्यायची.

एकदा तिच्या भाचीचं लग्न होतं पालघरला. जनाबाई नवं कोरं लुगडं नेसून, अंगाला वासाचा साबण लावून, केसांत मोगऱ्याचे गजरे घालून आमच्या स्टेशनात आली. पाटी नाही, काही नाही. झेंडू तिच्यावर असा काही भुंकत सुटला की बिचारी बाकावर चढून उभी राहिली!

"मेल्या!" जनाबाई वरून ओरडत होती. "रोज माजी बोंबलं खातोस नि आज मलाच भुंकतोस? डोले फुटले का तुजे?"

धर्माने झेंडूला धरलं. जनाबाईला काय सुचलं कुणास ठाऊक. ती खाली उतरली, शेडच्या कोपऱ्यात कालच्या रिकाम्या पाट्या पडल्या होत्या, त्यातल्या एकीत हात घासून आली आणि झेंडूपुढे पंजा धरला. झेंडूने वास घेतला, शेपटी हलवली आणि तिच्या नव्या लुगड्यावर दोन्ही पाय ठेवले.

जनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आता कललं! तुजी वलख माज्याशी नाय, बोंबलाशी हाय!"

* * *

मास्तरांना विडीचं भारी व्यसन. खोकला सुरू झाला तेव्हा पालघरच्या डॉक्टरांनी विडी बंद करायला सांगितली. वहिनींनी त्यांना देवापुढे शपथ घ्यायला लावली. मास्तरांनी शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून धर्माच्या कंदिलांच्या खोलीत विडी ओढायला लागले! बाहेर येताना तोंडात वेलदोडा.

वहिनींना वास यायचा नाही. पण झेंडू! मास्तर फाटकात आले की तो आधी त्यांच्या उजव्या हाताची बोटं हुंगायचा आणि विडी ओढलेली असली की फटाफट शिंकायचा. झेंडू शिंकला की वहिनी आतूनच विचारायच्या, "आज कंदील फार भरावे लागले वाटतं?"

मास्तर हैराण! "घरात सीआयडी पाळलाय मी."

शेवटी धर्माने उपाय काढला. कंदिलाची वात सरकवायचा एक चिमटा होता. विडी चिमट्यात धरायची आणि तशीच ओढायची, बोटांना वास नको! एवढा मोठा स्टेशनमास्तर, युनिफॉर्म घातलेला, रॉकेलच्या डब्यावर बसून चिमट्याने विडी ओढतोय, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. मी हसत हसत दार लोटून घेतलं.

त्या दिवशी फाटकात झेंडूने बोटं हुंगली, शिंकला नाही. मग मागच्या दोन पायांवर उभा राहिला, वाकलेल्या मास्तरांच्या मिशीपर्यंत नाक नेलं, आणि अशी शिंक दिली की मास्तरांची टोपी पडली!

वहिनी दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या. पुढे त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊजी, हसायला नको होतं हो मी. तो मुका जीव रोज सांगत होता. भांडायला हवं होतं. हसून साजरं केलं आम्ही." हसणाऱ्यांत आम्ही सगळेच होतो.

* * *

खोकला बळावला, मास्तर आजारी पडले आणि घरी राहिले. तेवढे दिवस झेंडूचं घड्याळ बंद. तो दिवसभर मास्तरांच्या खाटेखाली. दुपारी उठणं नाही, फाटक नाही. वाट कुणाची बघायची? माणूस वरच झोपलेला.

मग त्यांना मुंबईला इस्पितळात हलवलं. वहिनी बरोबर गेल्या, घर आणि झेंडू धर्माच्या हवाली. स्ट्रेचरवरून गाडीत चढवताना मास्तर मला म्हणाले, "नाईक, गाडी राइट टाइम आहे ना? बघा, मी जातोय म्हणून लाजून वेळेवर आली." झेंडू प्लॅटफॉर्मवर बसून बघत होता. मास्तर त्या गाडीने रोज कुणाला ना कुणाला पाठवायचे, आज स्वतः गेले, एवढंच त्याच्या लेखी.

दुपार झाली. माझं लक्ष खिडकीबाहेरच होतं. झेंडू उठला, अंग ताणलं, घरात जाऊन खाटेपाशी नाक फिरवून आला आणि फाटकाशी जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मास्तर परत आले नाहीत. इस्पितळातच गेले, आणि तिथेच सगळं उरकलं. तेव्हा इतक्या लांब प्रेत आणायची सोय कुठली? नातेवाइकांनी मुंबईतच अग्नी दिला आणि ते वहिनींना घेऊन बोईसरला आले. फाटकात वहिनींच्या पायांत झेंडू घुटमळला, मग त्यांच्या मागे बघायला लागला. मागे कुणी नव्हतं.

वहिनी तोपर्यंत दगडासारख्या होत्या. तिथे त्यांचा बांध फुटला. "याला कुणी कळवलंच नाही, भाऊजी! त्यांना इथे आणायला हवं होतं. एकदा नाक लावून बघितलं असतं त्याने, तर समजला असता. आता हा काय समजेल? साहेब ड्यूटीवर गेलेत, एवढंच!"

मला आजही ते पटतं. आम्ही माणसांनी खांदा देता आला नाही याचं दुःख केलं. पण कुत्र्याला बातमी द्यायची राहिली, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

* * *

तेराव्याला मास्तरांची बहीण आली, वहिनींची नणंद. बाई कर्तबगार, मनाने वाईट अजिबात नाही. तिने पदर खोचला आणि रीतीप्रमाणे सगळं मार्गी लावलं. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये म्हणून कपडे वाटून टाकले. कोट धुऊन, इस्त्री करून धर्माला दिला. चादरी उकळल्या, गादी वाळत घातली आणि मग विकून टाकली. नवे मास्तर यायचे होते, म्हणून क्वार्टरला चुना मारला, फरशी फिनेलने पुसून घेतली. लोक म्हणाले, घर कसं आरशासारखं लख्ख केलं!

आणि झेंडूचं घड्याळ बिघडलं.

तो सकाळीच उठून फाटकाशी जायला लागला. तिथून परत. जेवायच्या वेळी पुन्हा. भर उन्हात पुन्हा. घरात जायचा, जिथे खाट होती त्या कोपऱ्यात नाक घासायचा, चुन्याने नाक पांढरं करून घ्यायचा आणि बाहेर येऊन उभा राहायचा. कधी उठायचं, कधी बसायचं, त्याला काही कळेनासं झालं होतं. धर्मा माझ्या खिडकीत येऊन उभा राहायचा, बघायचा आणि कंदील भरायला निघून जायचा.

वहिनींना आता देवगडला भावाकडे जायचं होतं. जाणं भागच होतं, क्वार्टर सोडायला हवं होतं. त्यांची एकच मागणी. "मला काही नको. भांडी नकोत, पलंग नको. झेंडू माझ्याबरोबर आला पाहिजे. तिथे माझ्याशी त्यांच्याबद्दल बोलणारं दुसरं कुणी नाही."

पण झेंडू येईना! धर्माने त्याला दोनदा उचलून प्लॅटफॉर्मवर नेऊन पाहिलं. दोन्ही वेळा तो निसटून फाटकाशी. साखळी बांधली तर गळा सोलवटेपर्यंत ओढली. वहिनी म्हणाल्या, "सोडा. मारून मुटकून नेऊ नका."

* * *

मग जनाबाईने अक्कल पाजळली. "कोट दावा त्याला! मास्तरचा कोट बगून येल मागं मागं."

धर्मा पळत जाऊन कोट घेऊन आला. झेंडूने हुंगला, तोंड फिरवलं. त्याला साबणाचा आणि इस्त्रीच्या कोळशाचा वास, मास्तर कुठले त्यात!

"तर मंग वास परत लावू," धर्मा म्हणाला. "मास्तरचा वास आमाला ठावं नाय का?"

आणि पार्सल ऑफिसात आमची बैठक बसली. मास्तरांना वास कशाचा यायचा? धर्मा म्हणाला, विडी आणि रॉकेल. मी म्हटलं, शाई, आणि इंजिनच्या कोळशाची कणी. वहिनी म्हणाल्या, खोबरेल तेल, मानेपाशी जरा कापूर. जनाबाई म्हणाली, "काय बाय बोलता! मास्तर जवल आला का मला सुकटीचाच वास यायचा."

"तो तुझाच येत असेल गं!" वहिनी म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

आम्ही अगदी मन लावून काम केलं. धर्माने कोटावर विडीचा धूर सोडला, बाहीला रॉकेलचं बोट लावलं. मी खिशात शाईचा बोळा घातला, कोळसा चोळला. वहिनींनी कॉलरला तेल लावलं. जनाबाईने कुणाचं लक्ष नाही बघून खालच्या काठाला दोन बोटं पुसून घेतलीच.

कोट झेंडूपुढे धरला. आम्ही चौघं भोवती उभे.

झेंडूने कॉलर हुंगली आणि वहिनींकडे बघितलं. बाही हुंगली, धर्माकडे बघितलं. खिसा हुंगला, माझ्याकडे बघितलं. खालचा काठ हुंगला आणि जनाबाईचा हात चाटला. मग फाटकाशी जाऊन बसला.

जनाबाईने डोळ्यांना पदर लावला. "ह्या कोटात समदी हायेत," ती म्हणाली. "येकटा मास्तरच नाय!"

* * *

वहिनी निघाल्या तो दिवस.

झेंडू आला नाही तरी जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. पण मी त्याचं कुत्र्याचं तिकीट फाडून ठेवलं होतं. तेव्हा पॅसेंजर गाडीला गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी एक बंद कप्पा असायचा, छोट्या दाराचा, डॉग बॉक्स म्हणायचे त्याला. कुत्रा तिथे, माणूस आपल्या डब्यात, असा नियम. धर्माने झेंडूला कडेवर घेऊन तिथपर्यंत आणला. हातापाया पडून आणला म्हणा ना. पण दाराशी आल्यावर त्याने चारही पाय रोवले आणि क्वार्टरकडे मान वळवून रडायला लागला. कुत्रा रडताना ऐकला आहे का कधी? नका ऐकू.

गाडी लागलेली. गार्ड ओळखीचा, मास्तरांना मानणारा, म्हणाला, "वहिनी, दोन मिनिटं थांबवतो. जास्त नाही जमणार."

नणंद बायकांच्या डब्यातून ओरडत होती, "अगं, चल गं बाई! राहू दे त्याला. मुकं जनावर, विसरेल चार दिवसांत."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. झेंडूच्या मानेवरून एकदा हात फिरवला. मग आपल्या डब्यात जाऊन ट्रंक उघडली आणि तळातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून घेऊन आल्या. झाकणाच्या कडेने मेण लावून बंद केलेला. मला वाटलं, दागिने असतील. मी हात पुढे केला, "द्या वहिनी, मी उघडून देतो."

"नको भाऊजी. मीच उघडते."

नखांनी मेण काढलं. झाकण उघडलं. आत एका उशीचा अभ्रा होता, मळका, तेलाचा डाग पडलेला.

नणंद खिडकीतून वाकली. "अगं, हा कुठला? सगळं धुतलं होतं ना मी? तूच म्हणालीस, काही राहिलं नाही म्हणून!"

"खोटं बोलले, वन्सं," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "एवढा एक ठेवला होता. उघडून बघत नव्हते. रोज उघडला असता तर संपले असते ते."

त्यांनी अभ्रा दोन्ही हातांत घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. एकदाच. प्लॅटफॉर्मवर माणसं होती, आम्ही होतो, त्यांना कुणाचं भान नव्हतं. मग खाली बसून तो झेंडूपुढे धरला.

झेंडूचं रडणं थांबलं. त्याने नाक लावलं ते काढलंच नाही. अख्खं अंग थरथरायला लागलं. वहिनींनी हात हळूहळू कप्प्याच्या आत नेला आणि तो अभ्ऱ्यामागोमाग आत गेला, गोल फिरला, त्यावर हनुवटी ठेवून आडवा झाला.

गार्डाने शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. मला राहवलं नाही. मी वाकून म्हटलं, "वहिनी, आत गेलाय तो. आता अभ्रा काढून घ्या, डब्यात ठेवा. दादरपर्यंत उघडा राहिला तर काय उरणार त्यात?"

वहिनींनी कप्प्याचं दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

"असू दे त्याच्यापाशी," त्या म्हणाल्या. "त्याला पुष्कळ दिवस पुरतील ते. माझं नाक कुठे तेवढं चांगलं, भाऊजी?"